पावाच्या गाडीची दोरी

मालाच्या गाडीला छप्पर लागतं, ही गोष्ट माल भिजेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. भिजला की लोक आमच्याकडे यायचे. भोपाळच्या जवाहर चौकात, मागच्या गल्लीत, आमचं हूड शिवायचं दुकान होतं. हूड म्हणजे मालाच्या टेम्पोच्या हौद्यावर कमानी लावून ताणलेलं कॅनव्हासचं छप्पर. बत्तीस वर्षं मी हे काम केलं. सकाळी या शहरात जो पाव, जो बर्फ, ज्या गाद्या आणि लग्नाच्या खुर्च्या इकडून तिकडे जायच्या, त्यांतल्या कितीतरी माझ्या टाक्यांखालून गेल्या आहेत.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई यंदा दोनदा घरी आल्या. तुमच्या कामाबद्दल चार पानं लिहा म्हणाल्या. मी चहा केला आणि विषय बदलला. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. लिहिता येतं, पण चारचौघांत नाव छापून यावं असं मला कधी वाटलं नाही. त्या गेल्यावर मात्र मी वही काढली. अंकाला द्यायचं नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून जी चूक झाली आणि ती मी जशी निस्तरली, ते मी दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर निम्मं सांगेन आणि गप्प बसेन. कागदावर तसं होत नाही.

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा माझे वडील कचेरीबरोबर इथे आले. कचेरीत शिपाई होते. आई गेली तेव्हा मी चौथीत होते, मागे दोन धाकटे भाऊ, तिथेच शाळा संपली. लग्न झालं तेव्हा ह्यांचं दुकान नुकतंच निघालं होतं. गाडीवाले ह्यांना मास्टर म्हणायचे. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात मला पायाचं मोठं मशीन दाखवलं आणि म्हणाले, यावर साडी शिवायला गेलीस तर साडी जाईल, कॅनव्हास शिवलास तर टिकेल. मी कॅनव्हास शिवला.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातली एक गोष्ट समजावून सांगावी लागते. आता छोट्या मालाच्या गाड्या कारखान्यातूनच पत्र्याच्या हौद्यासकट येतात, सगळ्या एकसारख्या. तेव्हा तसं नव्हतं. तीनचाकी टेम्पो यायचा तो नुसतं लांब नाकाचं तोंड आणि मागे उघडा सांगाडा. त्या नाकामुळे भोपाळात त्याला लोक भटसुअर म्हणायचे, सुअर म्हणजे डुक्कर, आणि चालवणारेही तेच म्हणायचे, कोणाला राग येत नसे. मागचा लाकडी हौदा इथला मिस्त्री बांधायचा, ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे. बर्फवाल्याच्या हौद्याच्या तळाला फटी, पाणी गळून जायला. खुर्च्यावाल्याच्या कमानी उंच. एकाच दिवशी आणलेल्या दोन गाड्या महिन्याभराने एकमेकींच्या नात्यातल्याही वाटायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक गाडीचं हूड वेगळं आणि प्रत्येकीचं माप वेगळं.

माप आम्ही टेपने घेत नसू, दोरीने घेत असू. ही पद्धत माझी, हे मी इथे लिहून ठेवते. इंचांच्या बेरजा मला जमत नव्हत्या. साडेतीन इंच इकडचे, पावणेदोन तिकडचे, असं करता करता माझा कागद भरायचा आणि हूड आखूड व्हायचं. दोरीला बेरीज लागत नाही. सुती दोरी आधी भिजवून वाळवायची, मेण चोळायचं, म्हणजे ती पुढे आखडत नाही. मग गाडीवर धरायची. लांबी संपली तिथे एक गाठ, रुंदी संपली तिथे दोन, कमानीचा घेर संपला तिथे तीन. दुकानात येऊन कापडावर पसरायची आणि कापायचं. टोकाला त्याच हुडाच्या कॅनव्हासचा तुकडा बांधायचा आणि त्यावर गाडीचा नंबर. आकडे माझ्या हातचे आहेत, ते मला चांगले काढता येतात.

ह्यांना आधी हसू आलं. वर्षभरात तेही दोरीच वापरायला लागले.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. बर्फवाल्याशी आमचं दर वर्षी भांडण व्हायचं, कारण त्याला पाणी आत जाणारं हूड हवं असायचं. वरून बादलीभर पाणी ओतलं की आतलं बारदान ओलं राहतं आणि बर्फ टिकतो, असं त्याचं म्हणणं. आम्ही आयुष्यभर पाणी बाहेर ठेवायचं शिकलेलो. शेवटी ह्यांनी त्याला जुन्या, विटलेल्या कापडाचं हूड दिलं आणि तो खूश झाला. एका मंडपवाल्याला हूड मंडपाच्याच लाल-पिवळ्या पट्ट्यांचं हवं होतं. मी ह्यांना आतून सांगितलं की याचा रंग जाईल. ह्यांनी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. दोन पावसांत सगळा रंग खाली उतरला आणि पांढऱ्या खुर्च्यांची कव्हरं गुलाबी झाली. आम्हाला वाटलं आता भांडायला येईल. तो कव्हरांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, मास्टर, आता उरलेलीही याच रंगात करून द्या, लोकांना आवडलीत.

मी गिऱ्हाइकाशी बोलत नसे. दुकानात आतल्या बाजूला मशीन, पुढे ह्यांची खुर्ची. कोणी मला काही विचारलं की मी ह्यांच्याकडे बघायची. गाडीवाले मला भाभी म्हणायचे, पण बहुतेकांना मी बोलते की नाही हेही माहीत नसावं.

नव्या गाड्या आल्या, प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्र्या आल्या, आणि काम आटलं. पुढे आम्ही स्कूटरच्या सीटांची कव्हरं शिवली. हे गेल्यावर मी दुकान सोडलं. मशीन घरी आणलं आणि दोऱ्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली. गाड्या तोपर्यंत भंगारात गेल्या होत्या. दोऱ्या मात्र ठेवल्या. नंबर घातलेली वस्तू फेकवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर वझलवार साहेब घरी आले. हे आपल्यातलेच, मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. करोंदला धान्याच्या मंडीपलीकडे त्यांनी शेड घेतली आहे आणि तिथे जुन्या मालगाड्या जमवतात. मोटारी जमवणारे पुष्कळ असतात. हे पाव, बर्फ, रॉकेल वाहणाऱ्या गाड्या जमवतात. त्यांचं म्हणणं असं की राजाची मोटार कोणीतरी ठेवतंच, पाववाल्याचा टेम्पो कोणी ठेवत नाही. मला ते पटलं.

त्यांच्या हाती जुन्या शहरातल्या एका बेकरीचा तीनचाकी लागला होता. तोंड, इंजिन, सांगाडा होता. हौदा कुजून गेलेला. फोटो कुठे नाही, बेकरी बंद झालेली. ती गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवणारे नईम चाचा तेवढे जहांगीराबादला आहेत, आणि हूड मास्टरच्या दुकानातलं, हे त्यांनीच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, वहिनी, काही आठवतं का?

आठवण्याची गरज नव्हती. मी पेटी उतरवली. अर्ध्या तासात त्या नंबरची दोरी हाताशी आली. साहेबांनी ती दोन्ही हातांवर घेतली. मग पेटीत वाकून बघितलं.

“वहिनी, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? शहरातल्या सगळ्या हौद्यांची मापं आहेत ही. याचा एक कागदही कुठे नाही.”

त्यांनी ठरवलं की आधी या गाडीचा हौदा दोरीवरून बांधायचा, त्याचं नीट मापांचं चित्र काढायचं. तशाच गाडीचा सांगाडा इंदूरच्या एकाकडे आणि जबलपूरच्या एकाकडे होता, त्यांना ते चित्र पाठवायचं. गाडी हबीबगंजकडच्या मैदानावर जुन्या वाहनांच्या प्रदर्शनात मांडायची. आणि हे जमलं तर पेटीतल्या एकूण एक दोरीवरून तशी चित्रं करायची. मी फक्त मान हलवत होते, पण आतून मला फार बरं वाटत होतं. माळ्यावर पडलेली माझी बत्तीस वर्षं कोणीतरी खाली उतरवून घेत होतं.

शेडमध्ये मी स्वतः गेले. हरीराम मिस्त्री होते, साहेबांचे तीन-चार मित्र होते. मी जमिनीवर दोरी पसरली आणि बोटाने दाखवलं, ही हौद्याची लांबी, ही रुंदी, हा कमानीचा घेर. मिस्त्री म्हणाले, हौदा मागे बराच बाहेर निघतो. साहेब म्हणाले, तेव्हा काढायचेच बाहेर. तेही खरंच होतं, पुष्कळ गाड्यांचे निघायचे. हौदा उभा राहायला तीन आठवडे लागले.

उभा राहिला त्या दिवशी नईम चाचांना बोलावलं. वय झालेलं, पण ताठ. हातात एक लांब काठी, पुढे लोखंडी आकडा. ती गाडीचीच वस्तू, म्हणून परत द्यायला आणली होती. त्यांनी सांगितलं, बेकरीचा नियम होता की पावाच्या हौद्यात माणसाचा पाय पडायचा नाही. मागे उभं राहून, आकडीने पुढचा ट्रे ओढून घ्यायचा. इतक्या वर्षांत ते एकदाही आत चढले नाहीत.

साहेबांनी हौसेने पुढच्या फळीला लागून एक ट्रे ठेवला आणि म्हणाले, ओढा. चाचा मागे उभे राहिले, काठी आत घातली. ट्रेपर्यंत पोचली नाही. वाकले, तरी नाही. दोन वीत कमी.

चाचांनी काठी बाहेर काढली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, ही ती गाडी नाही. सगळे हसले. साहेबही हसत म्हणाले, चाचा, आता कंबर वाकत नसेल पहिल्यासारखी, हातही थोडा आखडतो या वयात.

“हाथ छोटा नईं होता साब,” चाचा म्हणाले. “गाड़ी बड़ी हो गई है.”

साहेब कामाचे पक्के माणूस. त्यांनी सांगितलं की माणूस विसरतो, हे माप त्याच वेळी घेतलेलं आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, वहिनी, सांगा यांना.

मी मान हलवली. हो म्हणून.

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं. काठी खांद्याला लावली आणि निघून गेले. ती परत द्यायला आणली होती, ती घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी घरी हूड कापायला बसले. कॅनव्हास जमिनीवर पसरला, दोरी लावली, गाठीपाशी खडूची खूण केली आणि कातर उचलली. दोन बोटं कापड कापलंही असेल, आणि मी थांबले.

हौद्याच्या मापाएवढं हूड कापत नाहीत. चारी बाजूंनी वीतभर जास्त कापड ठेवावं लागतं. ते फळ्यांवरून खाली दुमडून आकड्यांना बांधायचं, नाहीतर पाणी आत येतं. आम्ही त्याला दुमड म्हणायचो. मी दोरी हौद्याची म्हणून सगळ्यांना दाखवली होती, तर मग आता दुमड धरून वीतभर पुढे खूण करायला हवी होती. माझ्या हाताने ती केली नाही. हात सरळ गाठीवरच गेला, जणू दुमड दोरीतच आहे.

मी दोरी उचलून गाठ बघितली. मी डावरी आहे. माझ्या गाठीचा पीळ उलटा पडतो. ह्यांचा सरळ. डोळ्यांना पटकन दिसत नाही, बोटांना कळतं. ती गाठ माझी होती.

मग सगळं आठवलं. पहिल्या काही वर्षांत आम्ही दोघंही दोरीत नुसतं गाडीचं माप धरत असू आणि दुमड कापताना वाढवत असू; त्या दोऱ्या ठेवतही नसू, गाठी सोडून पुन्हा वापरायचो. एकदा पापडवाल्या बायकांच्या गाडीचं हूड मी कापलं आणि दुमड धरायची विसरले. ह्यांनी न बघताच ते बांधून दिलं. पहिल्याच पावसात कडेकडेने पाणी शिरलं आणि पापडांचा पुन्हा गोळा झाला. त्या बायका दुकानासमोर येऊन रडल्या. ह्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, माझं नाव काढलं नाही. त्यानंतर मी ठरवलं की माझ्या दोरीत दुमड आधीच धरायची, म्हणजे विसरायला जागा नको. ह्यांना ते पटलं नव्हतं. हे म्हणायचे, दोरीत गाडी हवी, कापड नको. हूड फाटेल, गाडीचं माप तेच राहील. मी ऐकलं नाही. तेव्हापासून ह्यांच्या दोऱ्या एक सांगतात आणि माझ्या दुसरंच.

पावाच्या गाडीची दोरी ह्यांची, असं मी धरून चालले होते, कारण नईम चाचा ह्यांचे मित्र. पण त्या वर्षी ह्यांचा हात मोडून गळ्यात होता. बेकरीत माप घ्यायला मी गेले होते. पदर खोचून, एकटी, कोणाशी न बोलता माप घेऊन परत आले होते, हे मी साफ विसरले होते. नईम चाचा काही विसरले नव्हते. पुढे एक वीत, मागे एक वीत. बरोबर दोन वीत.

आता मला काय करता आलं असतं ते सांगते. हूड हौद्याच्या मापाने शिवून दिलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. चाचांचं कोणी ऐकणार नव्हतं. साहेबांनी चित्र पूर्ण करत आणलं होतं, ते इंदूरला आणि जबलपूरला गेलं असतं, आणि भोपाळची पावाची गाडी दोन वीत लांब अशी कायमची झाली असती. आणि मी बोलले, तर साहेब म्हणणार, एक दोरी अशी निघाली, बाकीच्यांचा काय भरवसा. पेटी पुन्हा माळ्यावर. मला पेटी प्यारी होती. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मी जेवले नाही.

पण शेडमध्ये मी मान हलवली होती ना. बोलले असते तर चूक म्हणता आली असती. न बोलता एका माणसाला खोटं पाडलं होतं.

सकाळी दोरी घेऊन बसने करोंदला गेले. साहेब आणि त्यांचे मित्र शेडच्या दाराशी खुर्च्या टाकून चहा पीत होते. मिस्त्री फळ्यांना तेल लावत होते. पाच पुरुष बसलेले आणि मी उभी. मी घरून वाक्य ठरवून आणलं होतं, ते आठवलं नाही. जे आलं ते बोलले.

“साहेब, हौदा चुकलाय. चाचा बरोबर होते. मी परवा मान हलवली ती चुकीची होती.”

मग बसून दोरी दाखवली, पीळ दाखवला, दुमड सांगितली. सलग इतकं मी ह्यांच्याशीही कधी बोलले नसेन. साहेब उठले, आत गेले, टेबलावरचं चित्र बघत उभे राहिले. मित्रांपैकी एक जण म्हणाले, आता राहू दे हो, कोणाला कळणार आहे. मिस्त्रींनी तेलाचं फडकं खाली ठेवलं.

“कम पड़ती तो रोते,” ते म्हणाले. “ज़्यादा है, काट देंगे.”

साहेब बाहेर आले आणि त्यांनी मला ज्याची भीती होती तेच विचारलं. बाकीच्या दोऱ्यांचं काय?

मी सांगितलं, वेगळ्या करून देते. ह्यांच्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. माझ्यातून दुमड वजा करा, म्हणजे गाडी निघेल. ते म्हणाले, करा. मग चाचांना फोन लावायला लागले. मी म्हटलं, फोनवर नको. मान मी हलवली होती, मीच जाते.

साहेबांनी गाडीतून जहांगीराबादला नेलं. चाचांनी दार उघडलं, साहेबांना बघून तोंड वळवलं. मी पुढे झाले आणि हिंदीत सांगितलं की दोरी माझ्या हातची आहे, मी तिचा अर्थ चुकीचा लावला, तुमची काठी खरी. चाचा दाराची कडी धरून ऐकत होते. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

“भाभी, इत्ते साल दुकान पे आया,” ते म्हणाले, “आज पता चला आप बोलती भी हैं.”

मग साहेबांकडे वळून विचारलं, माझी कंबर आता बरी आहे ना? साहेबांनी कान पकडले. चाचांनी आम्हाला टोस्ट आणि चहा दिल्याशिवाय सोडलं नाही, आणि टोस्टला नावं ठेवण्यात पाऊण तास घालवला.

हौदा कापला. फळ्या पुढून नाही, मागून कापल्या, कमानी खाली घेतल्या. कापल्यावर मी पहिल्यांदा लांबून बघितलं आणि ओळखलं. आधी ती नुसती गाडी होती, आता पावाची गाडी दिसत होती. ठेंगणी, मागे घट्ट. चाचांनी आकडीने ट्रे ओढला तेव्हा त्यांना वाकावंही लागलं नाही. हूड मी दहा दिवसांत शिवलं, कडा सगळ्या हाताच्या टाक्यांनी, कारण जुन्या हुडाच्या कडा मी तशाच शिवायची. आता एवढं जाड कापड ओढताना अंगठा दुखतो. पण टाका सरळ आहे. प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. मी गेले नाही, मला गर्दी सोसत नाही. चाचा दोन्ही दिवस गाडीमागे उभे होते आणि कोणालाही आत पाय ठेवू देत नव्हते, असं साहेबांनी सांगितलं.

मग मी पेटी घेऊन बसले. दुपारी जेवण झालं की चटई टाकायची आणि एकेक दोरी बोटांतून काढायची. सरळ पीळ डावीकडे, उलटा पीळ उजवीकडे. दोन गठ्ठे सहज झाले. ह्यांचा गठ्ठा मोठा. ह्यांचं म्हणणं मी तेव्हा ऐकलं असतं तर हे काम करावं लागलं नसतं. पण खाली तीस-चाळीस दोऱ्या उरल्या, एकाच दोरीत दोन्ही पिळांच्या गाठी असलेल्या. त्या मधल्या वर्षांतल्या. तेव्हा आम्ही दोघं मिळून माप घ्यायला जात असू. एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या. कधी ह्यांनी माप धरलं आणि गाठ मी मारली, कधी उलट. त्यांत दुमड आहे की नाही, हे गाठीवरून कळत नाही. मला आठवतही नाही. मी चार दिवस प्रयत्न केला.

साहेब न्यायला आले तेव्हा मी तीन गठ्ठे पुढे ठेवले आणि तिसऱ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, असं अर्धवट नोंदीत चालत नाही. अंदाजाने यातल्या निम्म्या इकडे घाला, निम्म्या तिकडे, तुमचा अंदाज बहुतेक बरोबरच निघेल.

मी म्हटलं, नाही घालणार.

ते म्हणाले, मग या ठेवून द्या, बाकीच्या नेतो.

मी म्हटलं, नेल्या तर तिन्ही न्या. नाहीतर एकही नको.

आवाज माझाच होता, मलाही थोडं नवल वाटलं. साहेब हसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुठ्ठ्याचे तीन तुकडे केले, आणि आपल्या सुबक इंजिनिअरी अक्षरात पहिल्यावर ह्यांचं नाव लिहिलं, दुसऱ्यावर माझं. तिसरा घेऊन थांबले, काय लिहू म्हणून विचारलं. मी पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

‘दोघांनी घेतलेलं माप. दुमड आहे की नाही, माहीत नाही.’

अक्षर जरा वाकडं आलं. साहेबांनी तो पुठ्ठा तसाच गठ्ठ्याला बांधला.